दोन दिवसांचे बिऱ्हाड

पावसाळा सरून भाताची कापणी आटोपली आणि सह्याद्रीच्या उतारावरचे गवत पिवळे पडू लागले, की मुंबई-पुण्याच्या तरुण मंडळींचा शनिवारी दुपारनंतर घरात पाय ठरत नाही. पाच-सहा मित्रमैत्रिणी जमतात, कुणाची तरी मोटार किंवा दोन-तीन दुचाक्या मिळवल्या जातात आणि सूर्य मावळण्याच्या सुमारास ही मंडळी पवना जलाशयाच्या काठी, भंडारदऱ्याच्या परिसरात, राजमाचीच्या पठारावर नाही तर अलिबाग-काशीदच्या वाळूत जाऊन पोचतात. तेथे तंबू असतो, शेकोटी असते, चुलीवरचे म्हणून वाढले जाणारे जेवण असते. रविवारी संध्याकाळी हीच मंडळी टोलनाक्याच्या रांगेत उभी असतात आणि सोमवारी सकाळी पुन्हा संगणकापुढे. गेल्या दहा-पंधरा वर्षांत या हौसेने असा काही जोर धरला आहे, की काही गावांचे अर्थकारणच शनिवार-रविवारच्या खुंट्याला टांगले गेले आहे.

या प्रकाराला तरुणांनी ‘कॅम्पिंग’ हे इंग्रजी नाव जसेच्या तसे ठेवले आहे आणि त्याबद्दल त्यांना दोष देता येणार नाही. मराठीत शब्दांची वाण नाही. तळ आहे, छावणी आहे, राहुटी आहे, शिबिर आहे, पाल आहे. परंतु यांपैकी प्रत्येक शब्दाला काही ना काही काम किंवा काही ना काही दुःख चिकटलेले आहे. छावणी लष्कराची असते, नाही तर दुष्काळातल्या जनावरांची. शिबिर स्वयंसेवकांचे किंवा नेत्रतपासणीचे. पाल हे भटक्यांचे, ज्यांना गावात घर नाही त्यांचे. ऊसतोड कामगाराची कोपी पाचटाची असते आणि ती हौसेने कुणी उभारीत नाही. उघड्यावर रात्र काढावी लागणे ही आपल्याकडे शतकानुशतके आपत्ती मानली गेली, म्हणून केवळ आनंदासाठी उघड्यावर निजण्यास आपण नावच दिले नाही. इंग्लंडात टॉमस होल्डिंग याने १९०१ साली सायकलस्वार तंबूवाल्यांची संघटना काढली आणि १९०७ साली बेडन-पॉवेल याने ब्राउनसी बेटावर मुलांचे पहिले शिबिर भरवले, तेव्हा तेथील शहरी मध्यमवर्गाला कारखान्याच्या धुरापासून दोन दिवस सुटका हवी होती. तो वर्ग आपल्याकडे आता तयार झाला आहे. त्याची गरज खरी आहे, आणि तिला नाक मुरडण्याचे कारण नाही.

ज्या सुट्टीच्या आधाराने हे सारे चालते, तिचा इतिहासही विसरण्यासारखा नाही. रविवारची सुट्टी ही आकाशातून पडलेली नाही. मुंबईच्या गिरण्यांत आठवड्याचे सातही दिवस राबणाऱ्या कामगारांसाठी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून सभा घेतल्या, अर्ज लिहिले, मालकांशी वाद घातला, आणि १८९० साली ही सुट्टी पदरात पाडून घेतली. महाराष्ट्र शासनाच्या कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा मिळण्यास २०२० सालचा फेब्रुवारी उजाडावा लागला. खासगी क्षेत्रातील संगणक कंपन्यांनी तो त्याआधीच स्वीकारला होता. म्हणजे दोन दिवसांची सलग मोकळीक ही मराठी माणसाच्या आयुष्यात अगदी नवी वस्तू आहे. नव्या वस्तूचे काय करावे हे ठरवण्यास वेळ लागतो. काहींनी ती झोपेत घालवली, काहींनी विक्रीसंकुलांत. जे तरुण ती डोंगरात घालवू पाहतात, त्यांची निवड या सर्वांत चांगली म्हणावी लागेल. मुली आता निःसंकोचपणे अशा सहलींना जातात आणि आईवडील त्यांना जाऊ देतात, ही गोष्टही लहान नव्हे. एका पिढीपूर्वी कितीतरी घरांत हा विषय काढणेही अवघड होते.

प्रश्न आहे तो निराळा. दोन दिवसांचे हे बिऱ्हाड जेथे मांडले जाते, ती जागा कुणाची, तेथे यजमान कोण, आणि पाहुण्याने त्याच्याशी कोणत्या नात्याने वागायचे, हे अद्याप कुणीच ठरवलेले नाही. त्याची किंमत आज डोंगर, पाणी आणि काठावरचा माणूस हे तिघे मुकाट्याने मोजत आहेत.

पवनेचेच उदाहरण घ्यावे. मावळ तालुक्यातील हा जलाशय म्हणजे या हौसेची राजधानीच. एका बाजूला लोहगड आणि विसापूर, दुसरीकडे तुंग आणि तिकोना, आणि मध्ये पसरलेले निळे पाणी. मुंबईहून द्रुतगती मार्गाने दोन-तीन तास, पुण्याहून त्याहून कमी. गो. नी. दांडेकर यांनी ‘पवनाकाठचा धोंडी’ लिहिली ती याच खोऱ्यातील माणसांवर, धरण होण्यापूर्वीच्या काळात. आज त्या काठावर शनिवारी रात्री उभे राहिले, तर पाण्यालगत तंबूंच्या रांगा दिसतात, प्रत्येक रांगेपुढे रंगीत दिव्यांच्या माळा, एखाद्या ठिकाणी पडदा लावून चाललेला चित्रपट, दुसऱ्या ठिकाणी ध्वनिवर्धकावरचे गाणे, तिसऱ्या ठिकाणी त्यावर मात करणारे आणखी मोठे गाणे. माणशी हजार-दीड हजार रुपयांत संध्याकाळचा चहा-भजी, निखाऱ्यावर भाजलेले पनीर किंवा कोंबडी, रात्रीचे जेवण, तंबू, गादी, उशी आणि सकाळचे पोहे, असा सारा ऐवज मिळतो. ज्याला पाठीवर पिशवीही घ्यायची नाही, त्याचीही सोय झालेली असते.

आता हे पाणी येथे आले कसे, ते पाहावे. पवना धरण १९७० च्या दशकाच्या आरंभी उभे राहिले. त्याच्या पाण्याखाली गावे गेली, भातखाचरे गेली, आणि ज्यांची गेली त्यांच्या पुनर्वसनाचा प्रश्न पाच दशकांहून अधिक काळ रेंगाळत राहिला. धरणाचे पाणी पिंपरी-चिंचवडला मिळाले, तेथील कारखाने आणि वसाहती त्यावर वाढल्या. पुढे हेच पाणी नदीतून न नेता बंद नळातून नेण्याची योजना आली, तेव्हा मावळातील शेतकरी रस्त्यावर उतरला. ९ ऑगस्ट २०११ रोजी द्रुतगती मार्गावर बऊर गावाजवळ पोलिसांनी गोळीबार केला आणि तिघांचा बळी गेला. त्याच द्रुतगती मार्गाने आजचा तंबूवाला पाहुणा येतो. त्याला हे ठाऊक असण्याचे कारण नाही, कारण त्याने जेथून जागा नोंदवली त्या पडद्यावर ‘जलाशयाचे मनोहर दर्शन’ एवढेच लिहिलेले असते.

काठावरचा तंबू लावणारा माणूस पुष्कळदा त्याच धरणग्रस्त कुटुंबातला असतो. आजोबांचे खाचर पाण्याखाली, आणि नातू पाण्याच्या कडेला तंबू ठोकून त्या पाण्याची शोभा विकतो आहे. यात उपरोध आहे खरा, पण त्याबरोबरच एक प्रकारचा न्यायही आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. ज्या पाण्याने घर घेतले त्याच पाण्याने चार पैसे परत दिले तर त्यात वाईट काय? वाईट आहे ते हे, की त्याच्या पायाखालची जमीन कायद्याने त्याची नाही. जलाशयाच्या काठची संपादित जमीन शासनाची. तिच्यावर परवानगीवाचून उभा राहिलेला प्रत्येक तंबू म्हणजे अतिक्रमण. आज चालते आहे ते काणाडोळा केला जातो म्हणून. काणाडोळ्यावर चाललेल्या धंद्यात कुणी शौचालय बांधीत नाही, कचऱ्याची व्यवस्था लावीत नाही, जीवरक्षक नेमीत नाही. कारण उद्या नोटीस आली तर केलेला खर्च पाण्यात जाणार, हे त्यास पक्के ठाऊक असते. शिवाय जेथे हक्क नाही तेथे दलाल येतो. शहरातला भांडवलदार मागे उभा राहतो, संकेतस्थळ त्याचे, नफा त्याचा, आणि गावातला मुलगा रात्री दोन वाजता कुणाला थंड पाणी हवे, कुणाला आणखी कोळसा हवा, यासाठी धावत राहतो.

ज्या पाण्याकाठी शेकडो माणसे मुक्काम करतात, त्यांच्या मलमूत्राचे आणि सांडपाण्याचे काय होते, हा प्रश्न कुणी फारसा विचारीत नाही. काठापासून हाकेच्या अंतरावर खणलेला शोषखड्डा पावसाळ्यात काय करतो, हे समजण्यास अभियंता असावे लागत नाही. आणि ते पाणी धरणातून सुटून, रावेतच्या बंधाऱ्यावर उचलले जाऊन पुन्हा पिंपरी-चिंचवडच्या नळाला येते. रविवारी रात्री घरी पोचलेला तरुण जे पाणी पितो, ते तोच जलाशय असतो.

हे झाले जागेचे. पण या प्रकारात मैत्रीचे काय होते, याचाही विचार करण्यासारखा आहे, कारण ही मंडळी मित्रांच्या सहवासासाठी म्हणून जातात. उघड्यावर रात्र काढण्याचे सारे सुख, नीट पाहिले तर, कामाच्या वाटणीत आहे. कुणी पाणी आणायचे, कुणी तीन दगड शोधून चूल मांडायची, कुणी कांदा चिरायचा आणि कुणी, काहीच येत नसल्यामुळे, भांडी घासायची. कार्यालयात जो अधिकारी असतो त्याच्याकडून येथे खिचडी करपते आणि ज्याला कुणी विचारीत नाही तो ओल्या लाकडांतून जाळ काढून दाखवतो. चढणीवर एखाद्याचा पाय मुरगळतो आणि त्याची पिशवी दोघे वाटून घेतात. सर्वांत हळू चालणाऱ्याच्या गतीने सर्वांनी चालायचे, हा डोंगराचा नियम आहे; तो शहरात कुठेच पाळला जात नाही आणि म्हणूनच त्याची चव लक्षात राहते. माणसाची पारख अशा प्रसंगी होते. शेवटचा घोट पाणी कोण मागून घेतो आणि कोण पुढे करतो, हे पाच वर्षांच्या कॉफीपानातून कळत नाही ते एका चढणीवर कळते.

तयार तंबूत हे सारे गळून पडते. तेथे चौघे मित्र चौघा गिऱ्हाइकांसारखे बसलेले असतात. करण्यासारखे काही नसल्यामुळे रिकामा वेळ भरून काढावा लागतो, आणि तो भरण्यास मग ध्वनिवर्धक हवा, मद्य हवे, छायाचित्रे हवीत. काठावर चालणाऱ्या गोंगाटाचे मूळ तरुणांच्या उच्छृंखल स्वभावात शोधणारे पुष्कळ आहेत. त्यांनी एकदा या रिकामपणाकडे पाहावे. ज्याने दिवसभर चालून, पाणी वाहून, चूल पेटवून जेवण केले आहे, तो रात्री दहानंतर नाचत नाही. तो झोपतो.

येथे जुने गिर्यारोहक पुढे सरसावतील. त्यांचे म्हणणे ठरलेले असते: आमच्या वेळी असे नव्हते. १९४९ साली भारतात युवा वसतिगृहांची संघटना स्थापन झाली, १९५४ साली मुंबईत ‘गिरिविहार’ निघाली, आणि त्यानंतरच्या दोन पिढ्यांनी सह्याद्री पायाखाली घातला हे खरेच आहे. त्यांनी नकाशे केले, वाटा शोधल्या, अपघातात सापडलेल्यांना खांद्यावरून खाली आणले. आजही दरीत कुणी अडकले तर पोलीस प्रथम अशाच स्वयंसेवी गिर्यारोहकांना हाक मारतात. त्यांचे ऋण मोठे आहे. परंतु त्या काळातील सर्वच भ्रमंती सोवळ्यातली होती असे मानणे म्हणजे स्मृतीला फारच सवलत देणे होय. गडावरच्या दगडांवर रंगाने लिहिलेली जुनी नावे आजच्या तंबूवाल्यांची नव्हेत. देवराईतले वाळके लाकूड म्हणता म्हणता ओल्यालाही हात लावणारे, पिण्याच्या टाक्यात साबण लावून अंघोळ उरकणारे महाभाग तेव्हाही होते. फरक एवढाच, की ते थोडे होते. शंभर माणसांचा निष्काळजीपणा डोंगर पचवतो, दहा हजारांचा पचवीत नाही. तेव्हा वाद पिढ्यांच्या गुणदोषांचा नसून संख्येचा आहे, आणि संख्येच्या प्रश्नावर उपदेशाचा उपयोग मर्यादित असतो.

संख्येचा हा आघात सर्वांत नाजूक ठिकाणी कसा बसतो, ते पाहायचे तर मे महिन्याच्या अखेरीस भंडारदऱ्यास जावे. आता अहिल्यानगर म्हटल्या जाणाऱ्या जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात, कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या परिसरात, मृगाच्या आधीच्या त्या दोन-तीन आठवड्यांत हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ या झाडांवर काजव्यांची आरास पेटते. एक झाड विझते, दुसरे उजळते, आणि काही क्षणांनी सारा उतार एका तालात लुकलुकू लागतो. ही आरास आपल्यासाठी नसते. काजव्याचा प्रकाश हा नराने मादीला घातलेला साद असतो आणि मादीने त्याला दिलेला प्रतिसाद. त्याचे प्रौढ आयुष्य थोड्या दिवसांचे. तेवढ्यात जोडी जमली तर पुढची पिढी. त्या झाडावर मोटारीच्या दिव्यांचा झोत पडला, की तो संवाद तुटतो. अंडी आणि अळ्या असतात त्या खालच्या ओलसर पाचोळ्यात. तेथे माणसांचे पाय आणि गाड्यांची चाके फिरली, की पुढच्या वर्षीची आरास त्याच रात्री चिरडली जाते. हे पाहण्यास रस्त्यावर मोटारींची रांग लागते आणि वाटेवर प्रत्येकाच्या हातात विजेरी असते. अंधार पाहायला आलेली माणसे अंधाराला घाबरत असतात.

आवाजाचीही गोष्ट अशीच. रात्री पाण्यालगतची हवा थंड आणि वरची त्या मानाने उबदार असते, त्यामुळे ध्वनी वर विरून न जाता पाण्याच्या पृष्ठावरून दूरवर वाहत जातो. एका काठावरचे गाणे दुसऱ्या काठावरच्या गावात स्पष्ट ऐकू येते, आणि त्या गावात पहाटे उठून धारा काढणारी माणसे असतात, दहावीची मुले असतात, आजारी म्हातारी असतात. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिवर्धक लावण्यास ध्वनिप्रदूषणासंबंधीच्या २००० सालच्या नियमांनी बंदी आहे. ही बंदी शहरातल्या गणेशोत्सवात आणि लग्नाच्या वरातीत पोलिसांना आठवते. धरणाच्या काठावर तिची आठवण करून देणार कोण? गावातला कुणी बोलायला गेला, तर त्याला उत्तर मिळते की आम्ही पैसे मोजले आहेत.

पैसे मोजले म्हणून पाणीही आपले झाले, ही समजूत तर जीवघेणी ठरते. दर हंगामात जलाशयात कुणीतरी बुडाल्याची बातमी येते आणि त्यात बहुधा मित्रांच्या टोळीतले दोघे-तिघे असतात, कारण एकाला वाचवायला दुसरा उतरतो. धरणाचा काठ म्हणजे चौपाटी नव्हे. पाण्याखाली जुन्या खाचरांचे बांध असतात. गुडघाभर पाण्यातून एक पाऊल पुढे टाकले की बांध संपतो आणि माणूस पुरुषभर खोल जातो. तळाशी गाळ असतो, त्यात पाय रुततो. थंडीत आणखी एक धोका असतो आणि तो फारसा कुणाला माहीत नसतो: ऊब हवी म्हणून कोळशाची शेगडी तंबूत घेऊन चेन लावून झोपणे. अर्धवट जळणाऱ्या कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो, रंग नसतो. झोपलेल्याला जागही येत नाही. प्रत्येक तंबूच्या दारावर हे एक वाक्य मोठ्या अक्षरांत लावण्याचा खर्च किती येईल?

यावर शासनाचे उत्तर एकच असते, ते म्हणजे मनाई. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणाजवळ एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले, १५ जून २०२५ रोजी कुंडमळा येथे इंद्रायणीवरचा जुना पूल कोसळून चौघांचा मृत्यू झाला; अशा प्रत्येक दुर्घटनेनंतर जिल्हा प्रशासनाचे मनाई आदेश निघतात. पावसाळ्याच्या ऐन भरात धबधब्याखाली जाण्यास काही दिवस बंदी घालणे समजू शकते. परंतु बंदी हेच ज्यांचे धोरण, त्यांना धोरण नाही असेच म्हणावे लागते. २०२१ साली राज्याने साहसी पर्यटनाचे धोरण जाहीर करून आयोजकांना नोंदणी बंधनकारक केली. कागदावर ते योग्यच आहे. पण नोंदणी करून घेणारा आयोजक उद्या विचारील, की मी तंबू कायदेशीरपणे लावावा कुठे? जंगलात वनखात्याची मनाई. केंद्राच्या संरक्षित किल्ल्यांवर सूर्यास्तानंतर थांबता येत नाही, आणि ते रास्तही आहे. जलाशयाच्या काठी जलसंपदा खात्याचे अतिक्रमण. ११ जुलै २०२५ रोजी जागतिक वारशाच्या यादीत मराठ्यांचे बारा किल्ले दाखल झाले, त्यांत लोहगड आहे, राजगड आहे, साल्हेर आहे. त्या बातमीने पर्यटकांचा लोंढा वाढणार हे उघड होते. तो रात्री कुठे राहील, याचा विचार एखाद्या बैठकीत झाला असेल तर त्याचे फळ गडाच्या पायथ्याशी अद्याप दिसलेले नाही.

वास्तविक मार्ग सापडण्यासारखा आहे, आणि त्यासाठी परदेशी दौरा काढण्याची गरज नाही. साताऱ्याजवळचे कास पठार २०१२ साली पश्चिम घाटाच्या इतर स्थळांबरोबर जागतिक वारशात गेले आणि फुलांच्या हंगामात तेथे माणसांचा पूर आला. त्यावर भोवतालच्या गावांच्या वनव्यवस्थापन समित्यांनी वनखात्याच्या साहाय्याने शुल्क बसवले, दिवसाची संख्या ठरवून दिली, आधी नोंदणी करण्याची पद्धत घातली, आणि गावचीच मुले मार्गदर्शक आणि पहारेकरी झाली. तेथे सारे आलबेल आहे असे नव्हे. कुंपण घालावे की नाही यावर वाद झाले, गर्दी अजूनही होते. परंतु पाहुण्याला ‘येथे पाय ठेवू नका’ असे सांगण्याचा अधिकार तेथे गावकऱ्याला आहे, आणि तो अधिकार असल्यामुळे पाहुणाही ऐकतो.

पवनेच्या काठी हाच न्याय लावण्यास जलसंपदा खात्याकडे एक जुनी वाट तयारच आहे. धरणाचे पाणी ओसरले की जी जमीन उघडी पडते, ती गाळपेर म्हणून हंगामापुरती कसण्यास देण्याची पद्धत या राज्यात जुनी आहे आणि तीत धरणग्रस्तांना अग्रक्रम देण्याचे तत्त्वही मान्य झालेले आहे. जी जमीन हरभऱ्यासाठी हंगामी कराराने देता येते, ती तंबूंसाठी का देता येऊ नये? पूर्ण जलपातळीच्या वर, काठापासून ठरावीक अंतर सोडून, मर्यादित तंबूंचे तळ आखावेत. ते प्रकल्पग्रस्त कुटुंबांच्या सहकारी संस्थांना किंवा ग्रामसभांना वर्षावर्षाच्या कराराने द्यावेत, आणि पोटभाड्याने देण्यास सक्त बंदी असावी, नाही तर शहरातला दलाल मागच्या दाराने शिरेलच. बंदिस्त शौचटाकी, कचरा परत शहरात नेण्याची व्यवस्था, दहानंतर शांतता आणि पाण्यात उतरण्यास मज्जाव, एवढ्या अटी करारात घालाव्यात. मोडल्या तर करार संपला. ज्याला पुढच्या वर्षीही हीच जागा हवी आहे, तो माणूस पोलिसांपेक्षा चांगला पहारा करतो.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला, की यामुळे तंबूत निजणे महाग होईल. होईल, पण फार नव्हे. आणि विद्यार्थ्यांच्या, स्काउटांच्या किंवा स्वतःचा तंबू आणून स्वतः चूल मांडणाऱ्यांच्या तुकड्यांसाठी काही जागा अल्प शुल्कात राखून ठेवता येईल. खरे म्हणजे तशी जागा राखणे हीच या सगळ्यातली मोलाची बाब ठरेल, कारण तयार गादी-उशीच्या बाहेर पडून स्वतःच्या हाताने रात्र उभारून पाहण्याची इच्छा पुष्कळ तरुणांना असते. त्यांना ती करू देणारी जागाच मिळत नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. गावाच्या हाती कारभार दिला की गावातले चार बलदंड तो बळकावतील, असे म्हटले जाते. हे भय खोटे नाही. सहकाराचा आपला अनुभव काही सर्वत्र अभिमानाने सांगावा असा नाही. पण आज जे चालले आहे त्यात बलदंडच आहेत, फक्त त्यांची नावे कुठल्याही दप्तरात नाहीत. दप्तरात नाव आले, की निदान माहितीच्या अधिकारात हिशेब मागता येतो.

आणि या काठावर आणखी एक तंबू असतो, ज्याची दखल कुणीच घेत नाही. दिवाळीनंतर घाटमाथ्यावरून आणि पठारावरून मेंढपाळांचे वाडे कोकणाच्या वाटेने खाली उतरतात. घोड्यावर संसार, पाठीला पोर, पुढे मेंढ्या. शेतकरी त्यांना रानात मेंढ्या बसवण्यासाठी बोलावतो, खताच्या मोबदल्यात धान्य किंवा पैसे देतो, आणि दोन-चार रात्रींनी पाल उठते. मागे राहतात ती लेंड्यांनी काळी झालेली जमीन आणि चुलीचे तीन दगड. हौशी तळांची आखणी करताना या वाड्यांची जुनी वाट आणि पाणवठे मोकळे ठेवले पाहिजेत, ही अटही करारातच लिहून घ्यावी लागेल, कारण ज्याच्याकडे मतदारयादीतला पत्ताही धड नसतो तो हरकत नोंदवायला कचेरीत येणार नाही.

हे करार व्हायचे तर ते पावसाळ्यातच व्हावे लागतील. ऑक्टोबरात पहिले तंबू उभे राहतात, आणि एकदा हंगाम सुरू झाला की आगाऊ पैसे घेतलेला माणूस कुणाचे ऐकून घेत नाही, आणि त्याला उठवणे अधिकाऱ्यालाही नको असते. मावळात भातलावणी आटोपली की श्रावणात शेतकऱ्याला थोडी सवड मिळते. ग्रामसभा घ्यायच्या, हद्दी मोजायच्या आणि कागद करायचे ते त्या चार आठवड्यांत.